पानफुटीचं आंबट पान आणि बेंजामिन हाइन

साल १८१३. बेंजामिन हाइन नावाचा एक जर्मन माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. त्याने एका झाडाचं पान सकाळी तोडून चघळलं. ते आंबट लागलं, चांगलंच आंबट. दुपारी त्याच झाडाचं दुसरं पान चघळलं तर त्याला काही चवच नाही. संध्याकाळी परत एक चघळलं, ते किंचित कडवट. आपण असतो तर थुंकून कामाला लागलो असतो. हाइनने लंडनला पत्र लिहिलं. ए. बी. लॅम्बर्ट हे तिथल्या लिनियन सोसायटीतलं बडं प्रस्थ होतं. त्यांच्या नावचं हे पत्र सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ साली छापून आलं. जेमतेम तीन पानांचं पत्र. पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात 'कॅम' नावाचं जे प्रकरण असतं, त्याच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी याच पत्राने होते.

आता मजा अशी की ते झाड आपलं नेहमीचं आहे. पानफुटी! बीड, आष्टी, पाटोद्याकडच्या कुठल्याही जुन्या घराच्या ओसरीत जा. तुळशीच्या बाजूला एखाद्या गंजक्या डालडाच्या डब्यात जाडजूड पानांचं जे झाड उभं असतं, ज्याचं पान वहीत ठेवलं की कडेने पोरं फुटतात, तेच. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'पानापासून होणारे शाकीय पुनरुत्पादन' म्हणून याचंच चित्र होतं आणि परीक्षेत दोन मार्कांना हमखास यायचं. तर तेच हे झाड, पर्णबीज ऊर्फ पानफुटी, शास्त्रीय नाव कलांचो पिनाटा.

याचं कुळ क्रॅसुलेसी. इंग्रजीत या कुळातल्या सेडम वगैरे मंडळींना स्टोनक्रॉप म्हणतात, म्हणजे अक्षरशः दगडावरचं पीक. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. दगडावर येतं, पाणी फारसं मागत नाही, आणि वर त्याला पीक म्हणायचं! हे तर आमच्या आष्टी तालुक्याला देवाने स्पेशल ऑर्डरवर द्यायला हवं होतं. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तीही कागदावर. १९७२ घ्या, २०१२-१३ घ्या, २०१५-१६ घ्या. टँकर कुठल्या रंगाचा आणि किती वाजता येतो हे लहान पोरांनाही पाठ असतं. अशा गावात शोभेचं झाड लावणं हीच चैन. त्यामुळे जी झाडं भांड्याच्या धुवणावर जगतात तीच दारात टिकतात. पानफुटी टिकली.

हाइनबद्दल थोडं सांगतो, कारण हा माणूस फारसा कुणाला माहीत नाही. जन्म १७७०चा, सॅक्सनीतला. मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या ट्रांकेबारला आला. तेव्हा ती डॅनिश लोकांची वसाहत होती. पुढे कंपनीच्या नोकरीत शिरला. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ साली कलकत्त्याच्या बागेवर गेला, तेव्हा त्याची आंध्रातल्या सामलकोटची बाग हाइनकडे आली. टिपू पडल्यावर मॅकेन्झीच्या म्हैसूर सर्वेक्षणात हा वनस्पती बघायला होता आणि बंगलोरचं लालबागही काही काळ त्याच्या ताब्यात होतं. १८१४ साली त्याचं प्रवासवर्णन लंडनला छापलं गेलं. त्याने गोळा केलेली झाडं जर्मनीत रोथ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेली आणि रोथने त्यावर १८२१ साली पुस्तक काढलं. ते बघायला हाइन नव्हता, १८१९ साली मद्रासला वारला. असे बरेच लोक त्या काळात होते, अर्धे डॉक्टर, अर्धे माळी, थोडे मिशनरी. पगार कंपनीचा आणि हौस स्वतःची. (आमच्याकडेही अशी माणसं असतात. दिवसा क्लायंटचं काम, रात्री स्वतःचा ओपन सोर्स प्रोजेक्ट!)

हाइनने नोंद तर केली, पण कारण काय? त्याचा अंदाज असा होता की रात्री पान हवेतला ऑक्सिजन शोषतं म्हणून आंबट होतं आणि दिवसा उजेडात तो सोडून देतं म्हणून आंबटपणा जातो. त्या काळात ऑक्सिजन हा हॉट विषय होता. आम्ल म्हणजे ऑक्सिजन हे लाव्हाझिएचं समीकरण सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. त्या हिशोबाने अंदाज वाजवीच होता, पण चुकीचा. खरा वायू ऑक्सिजन नव्हता, कार्बन डायऑक्साइड होता. आणि हे नीट कळायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. १९४०च्या दशकात इंग्लंडात न्यूकॅसलला मेरियन थॉमस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या झाडांवर काम करून अंधारात शोषलेला कार्बन डायऑक्साइड आम्लात जातो हे पक्कं केलं. १९६० साली रॅन्सन आणि थॉमस यांनी या विषयाचा मोठा आढावा लिहिला तोपर्यंत 'क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम' हे नाव रुळलं होतं. कॅम हे त्याचंच लघुरूप. म्हणजे क्रॅसुलेसी कुळाचं नाव, आपल्या पानफुटीच्या घराण्याचं नाव, कायमचं त्या प्रक्रियेला चिकटलं. आता ते अननसाला, निवडुंगाला, घायपाताला आणि कित्येक ऑर्किडनाही लागू होतं.

प्रक्रिया सांगतो, सोप्या भाषेत. झाडाला अन्न बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो पानावरच्या बारीक छिद्रांतून आत येतो. पण छिद्रं उघडली की त्यातूनच पाणी वाफ होऊन बाहेर जातं. ज्वारी, गहू, आंबा, चिंच, सगळे हा तोटा सोसून दिवसा खिडक्या उघड्या ठेवतात. पानफुटी नाही ठेवत. ती रात्री खिडक्या उघडते, हवा गार आणि दमट असताना. आलेला कार्बन डायऑक्साइड लगेच वापरता येत नाही, कारण ऊन नाही. मग ती तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत भरून ठेवते. सकाळी खिडक्या बंद. मग दिवसभर आतल्या आत ते आम्ल फोडायचं, कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा आणि उन्हाच्या जोरावर साखर बनवायची. आयटीवाल्यांना एका वाक्यात सांगायचं तर रिक्वेस्ट रात्री क्यूमध्ये, प्रोसेसिंग दिवसा. म्हणून पहाटे टाकी आम्लाने गच्च भरलेली आणि दुपारपर्यंत रिकामी. हाइनच्या जिभेला कळलं ते हेच. पाण्याचा खर्च यामुळे साध्या पिकांच्या कित्येक पट कमी होतो. अर्थात वाढही बेताची. फुकट काही मिळत नाही.

मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा. पण सफरचंद हे उदाहरण बीडच्या माणसाला काय कामाचं. आमच्याकडे त्याची चव सगळ्यांना वेगळ्या वाटेने माहीत आहे, हरभऱ्याची आंब! हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चाललं की पोटऱ्या चरचरतात, ती आंब. रात्री पिकावर स्वच्छ धडपं पसरून ठेवायचं आणि दव पडल्यावर पहाटे पिळून घ्यायचं, अशी ती गोळा करतात. पोटदुखीवर बाटलीत भरून ठेवलेली असते. त्या आंबेत मुख्यतः हेच मॅलिक आम्ल असतं, जोडीला ऑक्झॅलिक. हरभरा कॅम करत नाही, तो हे आम्ल पानावरच्या केसांतून बाहेर सोडतो, किडीला त्रास व्हावा म्हणून. कारण वेगळं, पण रसायन एकच.

आता हे आजीला सांगितलं. म्हटलं, आजी, दोनशे वर्षांपूर्वी एका साहेबाने शोध लावला की पानफुटीचं पान सकाळी आंबट असतं. ती म्हणाली, "मग? सकाळचं पान आंबटच असतंय की. दात आंबतेत. तुझ्या आजोबाला म्हणूनच दुपारचं देत होते." विषय संपला! तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. हाइनच्या माळ्यालाही माहीत असेल, कोण जाणे.

तरी खात्री म्हणून केमिकलच्या दुकानातून पीएच मोजायच्या पट्ट्या आणल्या आणि सुट्टीत गावी गेलो तेव्हा पान ठेचून बघितलं. सकाळी सहाला पट्टी सरळ नारिंगी. संध्याकाळी पाचला पिवळट. शेजारचं सदाफुलीचं पान दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच. लहान मुलं घरात असतील तर हा प्रयोग जरूर करा, चघळायच्या भानगडीत न पडता.

चघळायच्या भानगडीत का नाही, ते आता सांगतो, कारण मला या लेखात खरं तर इथेच यायचं होतं.

तुम्हालाही तो फॉरवर्ड आला असेल. 'पाच हजार वर्षांपूर्वी आपल्या ऋषीमुनींनी सांगितलेली पाषाणभेद ऊर्फ पानफुटी. रोज सकाळी उपाशीपोटी दोन पानं, मूतखडा विरघळून बाहेर.' खाली हात जोडलेले. आमच्या घरच्या ग्रुपवर हा दर उन्हाळ्यात येतो, कारण उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं जातं आणि आमच्या भागात खड्याचे पेशंट काही कमी नाहीत.

यातला पाषाणभेद खरा आहे. चरकसंहितेत ते नाव येतं. पण पाषाणभेद म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर वैद्यांमध्येच एकमत नाही. हिमालयातल्या खडकांत येणाऱ्या बर्जेनियाला बहुतेक जण खरा पाषाणभेद मानतात. त्याशिवाय कापूरमाधुरी, पानओव्याच्या जातीतलं एखादं झाड आणि आपली पानफुटी, अशी बरीच झाडं वेगवेगळ्या प्रांतांत त्या नावाने विकली जातात. गंमत म्हणजे बर्जेनिया ज्या कुळातली आहे त्या कुळाचं लॅटिन नाव सॅक्सिफ्रेज, त्याचाही अर्थ दगड फोडणारं. खडकाच्या फटीतून झाड उगवतं, म्हणजे ते खडक फोडतं, म्हणजे पोटातला खडाही फोडेल. एकमेकांना न विचारता रोममध्ये आणि आपल्याकडे लोकांनी हाच तर्क केला.

पण पानफुटी चरकाची असूच शकत नाही. ती मूळची मादागास्करची. लामार्कने १७८६ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. हिंदुस्थानात ती आली अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी. कलकत्त्याच्या बागेच्या नोंदीप्रमाणे मोलुका बेटांकडून, १७९९च्या सुमारास, आणि ती आणवण्याचं श्रेय लेडी क्लाइव्हला देतात. म्हणजे हाइनने पान चघळलं तेव्हा हे झाड या देशात नवखंच होतं. पानिपत झालं तेव्हा आपल्याकडे पानफुटी नव्हती, मग चरकाची काय कथा.

यावर लगेच 'बघा, आयुर्वेद खोटा' म्हणणारे पुढे येतात, त्यांचंही मला पटत नाही. मला उलट कौतुक वाटतं. एक परदेशी झाड येतं, गावोगावचे वैद्य आणि आज्या ते चाखून बघतात, कापल्या-भाजल्यावर लावून बघतात, त्याला पर्णबीज असं अस्सल वाटणारं नाव देतात आणि जुन्या कपाटातल्या एका रिकाम्या कप्प्यात बसवतात. शंभरेक वर्षांत हे इतकं बेमालूम होतं की कुणाला शंकाही येत नाही. मिरचीचं तेच झालं, बटाट्याचं तेच झालं. परंपरा जिवंत होती म्हणूनच हे जमलं. पाच हजार वर्षांचं लेबल लावून आपण त्या दोनशे वर्षांतल्या लोकांचं काम पुसून टाकतो.

खड्याचं म्हणाल तर माझ्या एका काकांचा चार मिलिमीटरचा खडा पानफुटी खाऊन पडला. काका अजून सगळ्यांना सांगतात. पण चार मिलिमीटरचे खडे बहुतेक वेळा भरपूर पाणी प्यायलं की आपणहून पडतात, ही गोष्ट सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना तेव्हाच सांगितली होती. मोठा खडा मूत्रनळीत अडकून बसला तर तो पानं खात वाट बघत बसायचा विषय नाही, किडनी खराब होते. दुसरं म्हणजे या कुळातल्या कलांचोंमध्ये बुफाडायनोलाइड नावाची रसायनं असतात, ती हृदयावर परिणाम करतात. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत कलांचोची झाडं, विशेषतः फुलं खाऊन गुरं मेलेली आहेत. एखाद्या पानाने माणसाला काही होणार नाही. पण हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्या सासऱ्यांना रोज सकाळी दोन पानं देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि शेळीच्या तोंडाला लागेल असं हे झाड लावू नका.

असो. थोडं विषयांतर. पानफुटीचा सगळ्यात प्रसिद्ध भक्त म्हणजे जर्मन महाकवी गटे. म्हातारपणी वायमारला घरात कुंड्यांमध्ये लावून मित्रांना पानं वाटत बसायचा. जर्मनीत अजूनही तिला गटेचं झाड म्हणतात. एकाच पानात अख्खं झाड दडलेलं असतं, या त्याच्या लाडक्या कल्पनेला एवढा चांगला पुरावा दुसरा कुठे मिळणार.

आता परत आपल्याकडे. पुण्यात राहणाऱ्या इंजिनियर लोकांना एक नाव माहीत असायला हवं, थिओडोर कुक. आयरिश माणूस, शिक्षण डब्लिनचं. १८६०च्या सुमारास बॉम्बे-बरोडा रेल्वेवर आला, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं काम केलं. १८६५ साली पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला, म्हणजे आपलं सीओईपी, आणि १८९३ पर्यंत तिथेच होता. (मी तिथला नाही, तेवढे मार्क नव्हते.) हा स्थापत्यवाला माणूस रिटायर होऊन क्यूला गेला आणि तिथे बसून १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या सगळ्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. पश्चिम भारतात झाडं ओळखणारे लोक अजूनही तो उघडतात. त्यातल्या पहिल्या खंडात त्याने एका नव्या कलांचोचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं कलांचो भिडेई, आर. के. भिडे यांच्यावरून. पुण्याला सरकारी शेती खात्यात काम करणारा, रानोमाळ हिंडून झाडं गोळा करणारा हा मराठी माणूस. पुढे एका गवताच्या प्रजातीलाही भिडेंचं नाव मिळालं. मादागास्करच्या पानफुटीसारखंच, पण आपल्या मातीतलं हे झाड. नर्सरीत मात्र ते तुम्हाला मिळणार नाही.

पण कुकच्या ग्रंथात बीड नाही. असणारच नाही, ग्रंथ मुंबई इलाख्याचा आणि बीड निजामाचं. जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात आणि तिथून तासाभराच्या आतलं पाटोदा मोगलाईत. सौताड्याचा धबधबा अगदी त्या शिवेवर. डोंगर एकच, बालाघाट. कातळ एकच, काळा बेसाल्ट. झाडाला काय माहीत हद्द कुठली! पण झाडांची यादी मात्र राज्याच्या हद्दीपाशी थांबली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतःचा पूर्ण ग्रंथ यायला १९९८ साल उजाडलं. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठातले प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा', दोन खंड. कुकनंतर नव्वद वर्षांनी. मागासलेपणाची आकडेवारी आपण रस्ते, रेल्वे, सिंचनाची काढतो. ही आकडेवारी कुणी काढत नाही. आपल्या मागच्या डोंगरावर काय उगवतं हे छापील कागदावर यायलासुद्धा मराठवाड्याला नव्वद वर्षांचा अनुशेष होता.

शेवटी कुंडीबद्दल, कारण ऑफिसात सगळे तेच विचारतात. हल्ली पुण्यात ज्याच्या-त्याच्या डेस्कवर सक्युलंट असतं आणि तीन महिन्यांत कुजलेलं असतं. नर्सरीत सेडमच्या लेबलवर हार्डी लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या लोकांसाठी. त्यांच्याकडे हार्डी म्हणजे बर्फात न मरणारं. आपल्याला हवं आहे मे महिन्यात न मरणारं, आणि मग लगेच जुलैत न कुजणारं. ही परीक्षा वेगळी आहे. शोभेचे रंगीत कलांचो त्यातल्या त्यात बरे. पोट्सडामच्या ब्लॉसफेल्ड नावाच्या नर्सरीवाल्याने १९३०च्या दशकात ते मादागास्करहून आणून बाजारात रुळवले. त्यांना दिवस लहान झाले की फुलं येतात, म्हणून ट्यूबलाइटखाली रात्री बारापर्यंत ठेवलेलं झाड फुलत नाही, त्यात नर्सरीवाल्याचा दोष नसतो. आणि बारीक गोल पानांचं जे 'जेड' म्हणून विकतात ते बहुतेक वेळा या कुळातलं नसतंच, ते पोर्टुलाकारिया, घोळीच्या भाजीच्या जवळच्या नात्यातलं.

माती म्हणाल तर अर्धा मुरूम घाला. आमच्या गावी काही घालावंच लागत नाही, खणलं की मुरूमच लागतो. काळी चिकणमाती टाळा, ती पावसाळ्यात पाणी धरून मूळ कुजवते. पान लावायचं तर मातीत खुपसू नका, नुसतं वर ठेवा, पंधरा दिवसांत खाचांमधून पिल्लं येतात. थंडीत आठवड्याने पाणी, पावसात वळचणीखाली सरकवा. आणि एप्रिल-मेमध्ये जास्त पाणी घालून ते वाचत नाही. कॅमची सगळी गंमत गार रात्रीवर आहे. रात्रच गरम असेल तर छिद्रं नीट उघडत नाहीत, टाकी भरत नाही आणि झाड नुसतं थांबून राहतं. अशा वेळी त्याला पाण्यापेक्षा गारवा लागतो. आजी एप्रिल लागला की डबा उचलून रांजणाच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला लावते. तिथे रांजण पाझरून भिंत थोडी ओली असते आणि पहाटे हात लावला तर डब्याचा पत्रा थंडगार लागतो.